किलिमांजारो: मरांगू की मचामे?

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला किलिमांजारोची वाट जड जात नाही, तिथली विरळ हवा जड जाते. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. टांझानियातल्या या डोंगराची चढाई सुरूच होते साधारण १८०० मीटरवर. किबो या सुप्त ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावरचं उहुरू शिखर ५८९५ मीटरवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्माच. म्हणून मरांगू आणि मचामे या माथ्याकडच्या वाटांमधली एक ठरवताना चढ किती ते नंतर बघा, आधी रोजचा मुक्काम किती उंचीवर ते बघा.

मरांगूची वाट सोपी म्हणून प्रसिद्ध. सौम्य चढ, झोपायला लाकडी घरं, डोक्यावर छप्पर: मंदारा २७२० मीटरवर, होरोम्बो ३७२० वर, मग किबोचं घर ४७०० च्या आसपास. पाच दिवसांत उरकते आणि नेमका तिथेच घोळ होतो. होरोम्बोहून एका दिवसात हजार मीटर चढायचं आणि त्याच मध्यरात्री घसाऱ्यावरून माथ्याकडे निघायचं! शरीराला सवय व्हायला वेळच उरत नाही. होरोम्बोला एक जादा रात्र काढून सहा दिवस केलेत तरच ही वाट घ्या. उतरायचंही इथूनच.

मचामेला तंबूत राहावं लागतं, चढ-उतार जास्त, पायपीटही. पण तिची आखणी शहाणी आहे. लाव्हा टॉवर या कातळसुळक्याला ४६०० मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला बरांकोला, ४००० च्या खाली उतरायचं. दिवसा उंची अंगावर घ्यायची, रात्री खाली विसावायचं. दुसऱ्या सकाळी बरांकोची भिंत: हात टेकत चढायचा कातळटप्पा, दोर लागत नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला इथे घरच्यासारखं वाटेल. माथ्याआधीचा तळ बराफू. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फ. त्यांचा आणि आपला शब्द एकाच फारसी घरातून आलेले. उतरण म्वेकाच्या वेगळ्या वाटेनं.

माझं मत स्पष्ट आहे: मचामे, आणि तीही सहा नव्हे, सात दिवसांत. फक्त दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरात जाणार असाल, तर तिथला छोटा पावसाळा असतो. ओल्या तंबूपेक्षा मरांगूचं छप्पर बरं. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा दोन्ही टाळा.

आणि पाचच दिवस हातात असतील तर यंदा जाऊ नका. रजा साठवा, पुढच्या जानेवारीत जा.