नऊ महिने वापरलेला ॲक्टिव्ह बेस: सगळं ठीक, जॅक सोडून

चार तारा, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारी चुंबकाची गुंडाळी), नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (आवाज वाढवणारं आतलं सर्किट), किंमत तीस हजारांच्या आत. या वर्णनात बसणारे पाच-सहा बेस गिटार बाजारात आहेत आणि आतला माल जवळपास सारखाच असतो, म्हणून ब्रँडचं नाव लिहीत नाही. त्यातला कुठलाही घेणार असाल तर हा अनुभव लागू पडेल.

सातव्या महिन्यात, ऐन एप्रिलमध्ये याचा आऊटपुट जॅक, म्हणजे केबलची पिन जिथे घालतो तो भाग, गेला. मराठवाड्यात १४ एप्रिलपासून पुढे महिना-दीड महिना भीमजयंतीचे प्रोग्राम चालतात, त्यातच लग्नाच्या तिथी. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की जॅक हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. अख्खा बेस पॅक करून स्वखर्चाने पाठवा, तपासून कळवतो. म्हणजे कुरियरचे हजार-बाराशे घालायचे, पंधरा-वीस दिवसांच्या सुपाऱ्या (ठरलेले प्रोग्राम) सोडायच्या, आणि हे सगळं चाळीस रुपयांच्या भागासाठी. राग याचाच आहे. लाकूड चांगलं घेतलं, नेक (तारांखालचा दांडा) चांगली घासली, पिकअप बरे घातले, आणि सगळा आवाज ज्या एका तुकड्यातून बाहेर पडतो तिथेच हात आखडला.

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या बेसमध्ये जॅक म्हणजे नुसतं भोक. ॲक्टिव्हमध्ये तोच बॅटरीचा स्विचही असतो. म्हणून तो स्टीरिओ जॅक असतो, तीन टोकांचा: टिपवर सिग्नल, स्लीव्हवर अर्थ, आणि रिंगवर बॅटरीची काळी वायर. साधी मोनो पिन आत गेली की तिचा दांडा रिंग आणि स्लीव्ह जोडतो, बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं आणि प्रीॲम्प चालू होतो. स्वस्त जॅकचा नट आतून दातेरी वॉशर न घालता आवळलेला असतो. तो महिन्याभरात सैल पडतो. मग केबलला पीळ बसला की जॅक छिद्रातल्या छिद्रात फिरतो, मागच्या तिन्ही वायरी एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात आणि जिथे सोल्डरचा डाग संपतो तिथेच वायर तुटते.

कुठली वायर तुटली हे आवाजावरूनच कळतं. रिंगची तुटली तर आवाज एकदम जात नाही. एक-दोन सेकंद घोगरा होत, फाटत विझतो, कारण प्रीॲम्पच्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरलेला असतो. बहुतेक जण इथे फसतात, बॅटरी संपली समजून नवी घालतात. स्लीव्हची तुटली तर मोठं हमिंग येतं. टिपची तुटली तर बेस मुका होतो आणि बॅटरी मात्र खर्च होतच राहते. स्टेजवर पिन हलवून आवाज येतो-जातो आहे असं दिसलं तर तेवढ्यापुरता उपाय म्हणजे केबल पट्ट्याच्या खुंटीमागून घेऊन पट्ट्यात अडकवणं, म्हणजे जॅकवर ओढ येत नाही. जॅक धड असला तरी ही सवय ठेवावी.

दुरुस्ती घरी होते. आधी बॅटरी काढायची. कंट्रोल प्लेटचे स्क्रू काढून उलटी करण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो घ्यायचे, कारण वायरींचे रंग प्रत्येक कारखान्यात वेगळे. नवा जॅक स्विचक्राफ्टचा १२बी घेतला. चारशेच्या आसपास पडला, ऑनलाइनच मिळतो. एक अडचण आधीच सांगतो. कारखान्यातल्या मेट्रिक जॅकचं छिद्र ९ मिलिमीटरचं असतं आणि अमेरिकन जॅकची चूडी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ. तो अर्धा मिलिमीटर रीमरने (छिद्र मोठं करायचं हत्यार) किंवा गोल कानशीने हळूहळू वाढवावा लागतो. ड्रिल मशीन लावू नका, प्लेटचा पत्रा पकडून फाडतं.

सोल्डरिंग गन ३० ते ४० वॉटची पुरे, सोल्डर ६०/४० चं. वायरीची टोकं आधी कथील चढवून घ्यायची, जॅकच्या पायालाही, मग दोन सेकंद टेकवलं की डाग चकाकतो. डाग मळकट, दाणेदार दिसला तर तो थंड बसलाय, पुन्हा तापवायचा. वायरी चार-पाच सेंटीमीटर मोकळ्या ठेवायच्या, ताणून बसवायच्या नाहीत. दातेरी वॉशर आतल्या बाजूला, सपाट वॉशर बाहेर. आवळताना आतून जॅक बोटांनी घट्ट धरायचा आणि बाहेर अर्ध्या इंचाचा पाना फिरवायचा. नुसता नट फिरवला तर जॅकही सोबत फिरतो आणि नव्या वायरींनाही पीळ बसतो. शेवटी नटच्या चूडीवर नेलपॉलिशचा एक थेंब. बॅटरी घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर लावून रिंग आणि स्लीव्ह तपासायचे. पिन नसताना बीप नको, पिन घातली की बीप हवा. हे बरोबर असेल तर प्लेट बंद करा.

नवा बेस आणला त्याच दिवशी हे करावं, असं आता ठाम मत आहे. निदान प्लेट उघडून दातेरी वॉशर तरी टाका.

बॅटरीबद्दल मत मध्येच बदललं. पहिल्या दोन महिन्यांत वाटत होतं की चार्जिंगवाली नऊ व्होल्टची बॅटरी घेणं किफायतशीर, एकदा पैसे घातले की झालं. तसं नाही. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीत व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट असतं, त्याची बारीक शिट्टी ट्रेबल वाढवला की ऐकू येते. शिवाय ती शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज देते आणि मग एका क्षणात बंद पडते, इशारा देत नाही. या बेसचा प्रीॲम्प मोजला तर १.१ मिलीअँपिअर खातो. साध्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता ५५० मिलीअँपिअर-तासांच्या घरात धरली तर ५०० तास झाले. आठवड्याला चार प्रोग्राम, प्रत्येकी पाच तास धरले तरी एक बॅटरी पाच-सहा महिने जाते. मग चार्जरचा खटाटोप कशाला? मात्र पिन काढायला विसरलात तर तेच ५०० तास तीन आठवड्यांत संपतात. कार्बन-झिंकची स्वस्त बॅटरी घालू नका, उन्हाळ्यात फुटून संपर्काच्या पट्ट्या खाते. साडेसात व्होल्टच्या खाली गेली की बदला. त्याआधीच बेस नॉब (खालचे सूर वाढवणारा) पूर्ण फिरवलेला असेल तर जोरात मारलेला सूर फाटायला लागतो.

आता आवाज. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले की दोन पिकअप एकमेकांचं हमिंग कापतात, कारण त्यांची गुंडाळी आणि चुंबक उलटे असतात. एकाचा व्हॉल्यूम जरा कमी केला की हमिंग परत. गावाकडच्या मंडपात, जनरेटर स्टेजच्या मागेच लावलेला असताना, हे फार जाणवतं. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) जी म्हणजे ४९ हर्ट्झ. तो सूर लांब धरला आणि मागे हमिंग चालू असेल, तर दर सेकंदाला एकदा सूर फुगतो आणि ओसरतो. बेस बेसूर झाला असं वाटून माणूस चाव्या पिळत बसतो. चावीला हात लावू नका, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण करा, फुगणं थांबतं. तरीही हमिंग राहिलं तर ते अर्थच्या फेऱ्यातून येतंय, डीआय बॉक्सवरचा (बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा डबा) ग्राऊंड लिफ्ट, म्हणजे अर्थचा जोड सोडवणारं बटण, दाबा. ॲम्पच्या किंवा मिक्सरच्या वायरीची अर्थची पिन कधीही तोडू नका. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, आणि मंडपाच्या वायरिंगमध्ये गडबड असली तर माइकला ओठ लागताच झटका बसतो. हे सहज घेऊ नका, प्राण जाऊ शकतो. सुरू करण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावा, दहा सेकंदांचं काम.

भोंग्यांवर बेस वाजवायचा असेल तर बेस नॉब मध्यावर ठेवा. भोंगा खालचे सूर सोडतच नाही, तिथे ४१ हर्ट्झ (मोकळ्या ई तारेचा सूर) वाढवून फक्त बॅटरी आणि ॲम्पची ताकद जाते. मिडल (मधले सूर) वाढवा. वरचे स्वरांश ऐकू आले की कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो, आणि ढोलकीच्या डाव्या हाताच्या घुमाऱ्याखालून बेसची ओळ वेगळी कळते. १८ इंची बेस बॉक्स असतील तर उलट, तिथे मिडल सपाट ठेवून ऑक्टोपॅडच्या किकला जागा सोडावी.

चार तारा की पाच, हा प्रश्न सगळे विचारतात. ऑर्केस्ट्रात गायकाच्या स्केलप्रमाणे, म्हणजे पट्टीप्रमाणे वाजवायचं. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, काळी दोनचा सहाव्यावर. खालचा सा हवाच असेल तर पाचवी तार लागते, तिथे तो बी तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर बसतो. पण खालच्या बीची वारंवारता ३१ हर्ट्झ. तालुक्याच्या ठिकाणी जो साऊंड मिळतो त्यात ती ऐकू येत नाही, नुसते स्पीकरचे शंकू हलतात. माझ्या मते चार तारा पुरेत, वाचलेले सात-आठ हजार जॅक, केबल आणि डीआय बॉक्सवर घाला.

नेकबद्दल तक्रार नाही, पण आपल्या हवेत तिला वर्षातून दोनदा हात लावावा लागतो: एकदा मृग लागून हवेत ओल आली की, आणि एकदा दिवाळीनंतर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघायचं. जाड व्हिजिटिंग कार्ड अलगद जावं, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. एका वेळी पावच, आणि रात्रभर थांबून पुन्हा मोजा. लाकूड सावकाश बसतं. ट्रस रॉडची चावी अडली तर जोर करू नका. मग सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची २.४ मिलिमीटर, जी ची २. जोरात मारणाऱ्याने त्यावर थोडी वाढवावी, नाहीतर तारा फ्रेटवर खरखरतात.

मार्च ते मे हवा कोरडी पडली की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. हात सरकताना करकरीत लागतात. आडवी बारीक कानस एकदा फिरवून वर ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला की जातं. मे महिन्यात बेस बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि टेम्पोत स्पीकरच्या खाली तर अजिबात नको.

तारांवर मात्र पैसे वाचवले. चांगला सेट दोन हजारांच्या आसपास, आणि घाम नि फुफाटा मिळून दोन महिन्यांत त्याची चमक मारतात. तारा काढून सैल वेटोळी करून दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या, पण बोअरच्या पाण्यात नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, वळणांमध्ये पांढरा थर बसतो. जारचं पाणी वापरा. काढून लगेच सुती कापडाने पुसून तासभर उन्हात ठेवा, आतली ओल राहिली तर गाभ्याला गंज लागतो. आवाज नव्यासारखा होतो आणि तीन-चार आठवडे टिकतो. तीनदा उकळल्या, त्यानंतर ए तार चावीपाशी तुटली. तेव्हा दोनदाच.

चाव्या सूर धरतात. ब्रिज साधा वाकवलेल्या पत्र्याचा आहे; सुरुवातीला तो बदलायचं ठरवलं होतं, आता गरज वाटत नाही. वजन ४.१ किलो, तीन इंची पट्टा घ्या. सोबत आलेली बॅग नावापुरती आहे.

नवा जॅक बसवून दोन महिने झाले. नट हलला नाही, काल बॅटरी ८.८ व्होल्ट होती, तारा गणपतीच्या आधी बदलायच्या आहेत.