चिकण जमीन आणि भणाणता वारा: चेनलिंक जाळी घ्यावी की वेल्ड मेशचे पॅनेल?

भारी चिकण जमिनीत बागेला कुंपण घालायचं ठरलं की सगळी चर्चा जाळीवर होते आणि खड्डे मात्र एका दुपारीत उरकले जातात. कुंपण झुकतं ते खांबाच्या बुडापासून. तरी जाळीची निवड मी गौण मानत नाही. खांबावर वर्षभर कसला भार राहणार, हे तीच ठरवते, आणि चिकण मातीत भार किती यापेक्षा तो किती काळ टिकून राहतो याला जास्त महत्त्व आहे.

भरीव कुंपण आधीच बाजूला ठेवू. पत्रा, फळ्या, सिमेंटच्या तयार पाट्या यांनी आडोसा चांगला मिळतो, पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी 108 किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे 55 किलो पडतो. अडीच मीटर रुंद आणि 1.8 मीटर उंच भरीव गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, तो अडीचशे किलोच्या आसपास जातो, कडेच्या गाळ्यांवर आणखी जास्त. हा रेटा ओल्या चिकण मातीतला एकटा खांब फार दिवस झेलत नाही. शिवाय भरीव भिंतीवरून वारा उसळी मारून पलीकडे भोवरे करत उतरतो, म्हणजे ज्या रोपांसाठी आडोसा केला त्यांनाच तो झोडपतो. साधारण निम्मा वारा आरपार सोडणारा आडोसा झाडांना जास्त मानवतो. वाऱ्याच्या तोंडावर भरीव कुंपण हवंच असेल तर सलग पायावरची भिंत बांधावी, खांबांच्या भरवशावर राहू नये.

उरतात दोन पर्याय: चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत ओवून विणलेली गुंडाळीची जाळी, आणि वेल्ड मेशचे कडक पॅनेल, म्हणजे उभ्या-आडव्या तारा वेल्डिंगने जोडलेले तयार तुकडे. 50 बाय 200 मिलिमीटर चौकटीच्या आणि 5 मिलिमीटर तारेच्या पॅनेलमध्ये तारेने झाकलेला भाग जेमतेम आठवा हिस्सा असतो. 50 मिलिमीटर चौकटीची, 3 मिलिमीटर तारेची चेनलिंकही जवळपास तेवढीच. त्याच झोतात गाळ्यावर तीसेक किलो जोर आला तर तो खांब सहज पेलतो. म्हणजे वाऱ्याच्या बाबतीत दोघी बरोबरीत. फरक पडतो तो मातीमुळे.

चिकण माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि तडकते. कडक उन्हाळ्यात माती खांबाच्या बुडाशी घातलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यापासून सुटते आणि भोवती बोटभर फट पडते. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी थेट त्या फटीत उतरतं, ठोकळ्याभोवतीची माती लोण्यासारखी मऊ होते आणि नेमका त्याच दिवसांत वारा सुटलेला असतो. खांब थोडा डुलतो, फट रुंदावते, पुढच्या पावसात आणखी पाणी मुरतं. खांब एका रात्रीत पडत नाही, दर हंगामात थोडा थोडा कलत जातो.

आता चेनलिंक. तिची बाजू लंगडी नाही. ती लवचीक आहे, खांब थोडे वरखाली झाले तरी निमूट सामावून घेते. उताराबरोबर उतरते. गुंडाळी उचलून दोघं जण नेऊ शकतात आणि एखादी तार तुटली तर तेवढी तार पिळून काढून नवी ओवता येते. खर्चही बराच कमी. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मी दुसरं काही सुचवणारच नाही.

माझा कौल तिच्या विरोधात गेला तो एकाच कटकटीमुळे: ताण. चेनलिंक उभी राहते ती ताणावर. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा टर्नबकलने (तार ताणायच्या आट्यांच्या स्क्रूने) आवळायच्या, शेवटच्या विणीत चपटी पट्टी घालून जाळी कोपऱ्याच्या खांबाला खेचायची, आणि ही सगळी ओढ त्या खांबाने आणि त्याच्या तिरप्या टेक्याने रात्रंदिवस सोसायची, वारा असो नसो. ओली चिकण माती क्षणभराचा धक्का बऱ्यापैकी सोसते, पण सततच्या रेट्याखाली हळूहळू सरकते. टेक्याचं खालचं टोक मातीत रुततं, कोपऱ्याचा खांब आतल्या बाजूला किंचित झुकतो. तो वरच्या टोकाला दोन सेंटिमीटर सरकला तरी पुढच्या ताणखांबापर्यंतची (ताण झेलणाऱ्या पक्क्या खांबापर्यंतची) सगळी लांबी सैल पडते, आणि हे अंतर 25 ते 30 मीटरचं असतं. जाळीचं पोट सुटतं, खालची कड लोंबते, कुत्री तिथून आत शिरतात. मग पान्हा घेऊन टर्नबकल आवळा. उन्हाळ्यात माती घट्ट झाली की तोच ताण जास्त होतो, पावसात पुन्हा सैल. दोन-तीन हंगामांत टर्नबकलचे आटे गंजून जाम होतात, ते वेगळंच.

यावर इलाज आहे. टेक्याच्या बुडाशी किमान 40 सेंटिमीटर चौरस आणि तेवढाच खोल काँक्रीटचा ठोकळा घालावा, टेका खांबाला दोन तृतीयांश उंचीवर जोडावा, ताणखांबांमधलं अंतर 15 मीटरवर आणावं. याने फरक पडतो. पण एवढं सगळं करताना चेनलिंकचा स्वस्तपणा बराच संपतो, आणि आवळणं तरी चुकत नाहीच, फक्त लांबतं.

पॅनेलमध्ये हा ताणच नाही. प्रत्येक गाळा स्वतंत्र असतो, शेजारच्याला ओढत नाही. एखादा खांब कलला तर त्याच्या दोन बाजूंचे दोन गाळे बिघडतात, बाकीची रांग जागच्या जागी राहते. क्लॅम्प सोडून पॅनेल उतरवावं, खांब सरळ करावा, पॅनेल परत लावावं. चिकण जमिनीत दुरुस्ती टळणार नाहीच, तेव्हा ती दोन गाळ्यांत आटोपणं मला फार मोलाचं वाटतं.

पॅनेलचे दोषही आहेत. उतारावर ते पायऱ्यांसारखे लावावे लागतात आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते. खांबांचं अंतर एखाद्या सेंटिमीटरनेही चुकलं तर पॅनेल बसायला त्रास देतं. क्लॅम्प प्लॅस्टिकचे असले तर उन्हाने ठिसूळ होतात, म्हणून लोखंडीच घ्यावेत, भोक लांबट असलेले, म्हणजे खांब थोडा हलला तरी तारेच्या जोडावर जोर येत नाही. क्लॅम्प आणि पॅनेलमध्ये रबरी वॉशर नसेल तर वाऱ्यात रात्रभर खडखडाट होतो.

खड्डे मात्र दोन्हींना सारखेच लागतात, आणि तिथे कंजुषी नको. जमिनीला वापसा आल्यावरच, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी असतानाच, खोदावं. भेगाळलेल्या उन्हाळी मातीत घट्ट बसवलेला ठोकळा पुढे फुगणारी माती उचलते, आणि चिखलात खोदलं तर ठोकळा सुकत्या मातीपासून सुटतो. पाइप बहुधा सहा मीटरचा येतो. त्याचे बरोबर दोन तुकडे केले की 1.8 मीटर जाळी, खाली 5 सेंटिमीटर मोकळी जागा आणि 1.15 मीटर जमिनीत, असा हिशेब जुळतो आणि तुकडा वाया जात नाही. खड्डा 1.2 मीटर खोल आणि 30 सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा, आणि तळाचे 20 सेंटिमीटर पहारीने कोरून 40 सेंटिमीटरपर्यंत रुंद करावेत.

वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा हा चिकण जमिनीतला सगळ्यात महाग पडणारा प्रकार. फावड्याने खोदलं की आपोआप तसाच होतो. फुगलेली माती त्या पसरट कडेला खालून धरते आणि अख्खा खांब उपटून वर काढते. म्हणून खोदाई ऑगरने (खड्डे पाडायच्या गिरमिटाने) किंवा पहारीने उभी ठेवावी. वरच्या 30 सेंटिमीटर भागात खड्ड्याच्या आतून जाड प्लॅस्टिकचा कागद दुहेरी लावावा, म्हणजे माती फुगताना काँक्रीटला चिकटून वर ओढत नाही. खालच्या भागात मात्र ऑगरने गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडून खडबडीत कराव्यात, पकड तिथेच हवी.

तळाशी खडी टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. निचऱ्याच्या जमिनीत तो ठीक आहे. चिकण मातीत त्या खडीत आलेलं पाणी कुठेच जात नाही, तिथे छोटी विहीर होते आणि खांबाचं बूड कायम पाण्यात राहतं. मी खडी न टाकता तळाला 5 सेंटिमीटर काँक्रीटच घालायला सांगेन. सिमेंट, वाळू आणि खडीचं 1:2:4 चं मिश्रण घट्टसर कालवावं. वरच्या मापाने पाच खड्ड्यांना 50 किलोच्या साधारण तीन गोण्या सिमेंट लागतं. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा 5 सेंटिमीटर वर काढून थापीने चहूकडे उतार द्यावा. उन्हाळ्यात ठोकळ्याभोवती फट दिसली की पावसाआधी मुरूम घालून ठासावी. माझ्या मते कुंपणाचं आयुष्य या एका कामाने जेवढं वाढतं तेवढं कशानेच वाढत नाही.

सगळे खड्डे एकाच खोलीचे हवेत, एकही आखूड नको. माती ज्या खोलीपर्यंत हलते तिच्या खाली जाणं इमारतीला शक्य असतं, बागेच्या कुंपणाला ते परवडत नाही. तेव्हा हालचाल होणारच, ती सगळ्या खांबांची सारखी झाली की नजरेत येत नाही.

खांबांत, पॅनेलसाठी 60 बाय 60 मिलिमीटरची चौकोनी नळी सोयीची, कारण क्लॅम्प सपाट बसतो. जाडी 2 मिलिमीटर पुरते, कोपऱ्याला आणि फाटकाला 3 घ्यावी. गॅल्वनायझिंग वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं असावं. विजेच्या पद्धतीचा मुलामा चकचकीत दिसतो पण पातळ असतो. गंज धरतो तो बहुतेक काँक्रीट आणि हवा यांच्या सांध्यावर, म्हणून तिथे वर-खाली 15 सेंटिमीटर डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग आणि माथ्याला टोपी, नाहीतर नळी पाण्याने भरते. सिमेंटचे तयार खांब गंजत नाहीत असं म्हणतात, पण वाहतुकीत त्यांना बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी सळईपर्यंत पोचतं आणि फुगलेला गंज सिमेंटची कपची उडवतो. लाकडी खांब या जमिनीत नकोतच.

पॅनेल लावताना सगळे खांब आधी रोवून मोकळं होऊ नये. कोपऱ्याचे खांब ओळंब्यात उभे करून वर आणि खाली अशा दोन दोऱ्या ताणाव्यात. मग एक खांब, एक पॅनेल, पुढचा खांब असं पुढे सरकावं. पॅनेलच अंतराचं माप होतं. प्रत्येक खांबाला दोन दिशांनी लाकडी टेकू द्यावेत आणि काँक्रीट किमान तीन दिवस हलवू नये. चेनलिंक असेल तर ताण देण्याआधी आठवडाभर थांबावं.

फाटक दोन्ही प्रकारांत सारखंच छळतं. एक खांब अर्धा सेंटिमीटर हलला तरी कडी कोयंड्यात जात नाही. फाटकाच्या दोन खांबांचे ठोकळे जमिनीखालून 30 सेंटिमीटर खोल काँक्रीटच्या पट्ट्याने जोडावेत, आत 12 मिलिमीटरच्या चार सळया. हलले तर दोघे मिळून हलतील. कोयंड्याचं भोक उभं लांबट ठेवावं, आणि चेनलिंकचा ताण फाटकाच्या खांबाला कधीच देऊ नये, त्यासाठी शेजारी वेगळा ताणखांब रोवावा.

कुंपणाला हिरवी शेडनेट बांधली किंवा दाट वेल चढवला की वरचं वाऱ्याचं गणित कोलमडतं. जाळी निम्मी झाकली गेली की तीस किलोंचे सव्वाशे होतात. आडोसा हवा असेल तर कुंपणापासून मीटरभर आत झुडपांची रांग लावणं बरं. ठिबकची नळी मात्र कुंपणाच्या एकाच बाजूने, खांबांना लागून नेऊ नये: ओली बाजू फुगते, कोरडी आकसते आणि सगळी रांग एकाच दिशेला झुकते.

उतार तीव्र असेल, लांबी शेकडो मीटर असेल किंवा हद्द वेडीवाकडी असेल, तर चेनलिंकच घ्यावी आणि आवळायची तयारी ठेवावी. बागेपुरतं, बऱ्यापैकी सपाट जागेचं कुंपण असेल तर मी पॅनेलकडे झुकतो, आणि निवडलंही तेच. घेताना दोन पॅनेल आणि डझनभर क्लॅम्प जास्तीचे त्याच मालातून उचलावेत. चौकटीचं आणि पॅनेलच्या तारेला दिलेल्या घडीचं माप कारखान्यागणिक थोडं बदलतं, आणि नंतर आणलेलं पॅनेल जुन्या क्लॅम्पला जुळेलच असं नाही.