जमिनीखालचं शोधायला जीपीआर की केबल लोकेटर?

जीपीआर म्हणजे जमिनीत सूक्ष्मलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं रडार; केबल लोकेटर धातूच्या तारा-पाइपांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. यंत्र निवडण्याआधी माती बघा. ओली चिकणमाती सूक्ष्मलहरी गिळून टाकते. अशा जागी महागडं जीपीआर एक मीटरही खाली पोचत नाही. तिथे लोकेटरच बरा. त्याचं काम किलोहर्ट्झमध्ये चालतं (33 किलोहर्ट्झ ही नेहमीची कंप्रता), त्यामुळे चिकणमातीचं त्याला फारसं वावडं नाही. केबल, लोखंडी पाइप तो पटकन पकडतो आणि वापरायलाही सोपा. प्लास्टिकचा पाइप किंवा पोकळी मात्र त्याला दिसत नाही. पाइपासोबत तार पुरलेली असेल तर गोष्ट वेगळी.

जीपीआरला धातूच लागतो असं नाही, परावैद्युतांकातला (पदार्थात लहर किती मंदावते हे सांगणाऱ्या आकड्यातला) फरक पुरतो. हवेचा 1, कोरड्या वाळूचा 3 ते 5, पाण्याचा सुमारे 80. प्लास्टिकचा 3 च्या आसपास, म्हणजे कोरड्या वाळूत भरीव प्लास्टिकची वस्तू जवळपास अदृश्य! वाळू जरा ओलसर झाली की तीच वस्तू उठून दिसते. पाणी इथे वैरीही आणि मदतनीसही.

आडव्या पाइपावरून यंत्र ओढलं की पडद्यावर पालथ्या वाटीसारखी कमान उमटते. पाण्याने भरलेल्या आणि रिकाम्या पाइपाच्या कमानीत काळे-पांढरे पट्टे उलट क्रमाने येतात, त्यामुळे आत काय आहे याचाही अंदाज बांधता येतो. धातूच्या कमानीत पट्टे पाण्याच्याच क्रमाने येतात, पण जास्त ठळक. लोकेटर एवढं सांगत नाही.

खोलीच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. परावैद्युतांक 9 असेल तर लहर नॅनोसेकंदाला 10 सेंटीमीटर जाते. 20 नॅनोसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर वस्तू 1 मीटरवर. ऑपरेटरने 16 धरला, तर यंत्र 75 सेंटीमीटर दाखवेल. कमानीच्या पसरटपणावरून वेग काढणारा माणूस मिळाला तर त्यालाच काम द्या.

जीपीआर ठरलंच तर अँटेनाचा प्रश्न येतो. रस्त्याखालच्या वाहिन्यांना 400 मेगाहर्ट्झची, काँक्रीटमधल्या सळयांना 1.5 गिगाहर्ट्झची. दुसरी बारकावे छान दाखवते, पण अर्ध्या मीटरच्या आसपास तिचा दम संपतो.

माझं मत विचाराल तर खोदकामाआधी दोन्ही फिरवा, आधी लोकेटर. एकच परवडत असेल आणि खाली प्लास्टिक असण्याची शक्यता असेल तर जीपीआर, पण चाचणी घेऊनच: खोली माहीत असलेल्या पाइपावरून पहिली फेरी मारायला लावा. तिथेच कमान दिसली नाही, तर उरलेली जागा पालथी घालण्याचे पैसे देऊ नका.