आयनॅचरलिस्ट अ‍ॅप: दोन वर्षं बंदराच्या भिंतीवर वापरल्यानंतर

दोन वर्षं झाली हे सजीवांचे फोटो टाकून त्यांची ओळख पटवण्याचं अ‍ॅप वापरतेय, आणि ते जंगलात वगैरे नाही हं, बंदराच्या धक्क्यावर, जिथे खाली वाकून कुणी बघतही नाही. ओहोटीला पाणी उतरलं की भिंतीवर कालवं, बार्नकल (दगडाला घट्ट चिकटणारे बारके कवचवाले जीव), शेवाळ, फटीत दबून बसलेले बारके खेकडे, जुन्या दोराला चिकटलेली समुद्रफुलं असं सगळं उघडं पडतं आणि मी फोटो काढत सुटते. नेट नसलं तरी फोटो आणि जागा सेव्ह राहते, घरी येऊन अपलोड करायचं. अ‍ॅप नाव सुचवतं, मग जगभरातले लोक बघून सांगतात, आणि किमान दोघांचं एकमत झालं (जास्त जण असतील तर दोन तृतीयांशापेक्षा जास्त) की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होते. फुकट आहे सगळं.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं तर बंदराचं शहर म्हणजे समुद्राचा दरवाजा. जहाज रिकामं असताना तोल सांभाळायला पोटात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडतं, त्या पाण्यातून तिकडची पिल्लं इकडे येतात, जहाजाच्या बुडाला चिकटून येतात ती वेगळीच. त्या पाण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला पण लागू व्हायला 2017 उजाडलं. काळ्या समुद्रात 1980 च्या दशकात अशीच एक अमेरिकेकडची कंगवा जेली (जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक जीव) शिरली आणि तिथली मासेमारी पार कोसळली. उलट ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला 1999 मध्ये मरीनात (छोट्या नौका ठेवायच्या बंदरात) परका काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला, तो वेळेत सापडला म्हणून मरीना बंद करून, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकून त्याला साफ संपवता आलं. त्यासाठी तिथले सगळेच जीव मारावे लागले हेही खरंय. पण लवकर दिसणं किती मोलाचं आहे ते यावरून कळतं, आणि रोज धक्क्यावर जाणारी माणसं शहरातलीच असतात ना.

आता मर्यादा. स्पंज किंवा दगडावर चिकट पापुद्र्यासारखे पसरलेले जीव नुसत्या फोटोवरून भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत, त्यामुळे अशा नोंदी वर्ष वर्ष तशाच राहू शकतात, धीर सोडू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा, दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या, फरक पडतो. "शोधलं पण नाही दिसलं" अशी नोंद करायची सोय नाही. आणि अ‍ॅपवर टाकलं म्हणजे बंदराला कळवलं असं होत नाही, काही परकं वाटलं तर मत्स्य खात्याला किंवा बंदर प्रशासनाला स्वतः सांगा. एक सेटिंग नक्की तपासा, नोंदीचं लायसन्स "सर्व हक्क राखीव" ठेवलंत तर नोंद जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जात नाही, म्हणजे बऱ्याच संशोधकांच्या हाती लागतच नाही.

नवीन असाल तर एप्रिल अखेरीस सिटी नेचर चॅलेंज (आपापल्या भागातले सजीव नोंदवायची शहराशहरांतली चढाओढ) असतं तेव्हा सुरू करा, 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस या दोन किनाऱ्याच्या शहरांनी एकमेकांशी स्पर्धा लावली त्यातून ते वाढलं.

माझी पद्धत सांगते, भिंतीचा तोच दोन मीटरचा तुकडा, दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला. गुळगुळीत सिमेंटवर जेमतेम चार-पाच जाती, आणि शेजारी जिथे भिंत तडकलीय, खाचा पडल्यात, तिथे कितीतरी जास्त. अमेरिकेतल्या सिएटल शहराने नवीन समुद्रभिंत बांधताना हेच केलं, मुद्दाम खडबडीत आणि कपारींची केली, वरच्या फुटपाथमध्ये काचेचे ठोकळे बसवले, खालून जाणाऱ्या सामन माशांच्या पिल्लांना उजेड मिळावा म्हणून. आमच्या धक्क्याची दुरुस्ती निघालीय, त्या तडकलेल्या तुकड्याच्या दोन वर्षांच्या नोंदी छापून मी इंजिनियरसाहेबांकडे घेऊन जाणार आहे.