ओट्स की इसबगोल: मुलांच्या कोलेस्टेरॉलसाठी काय निवडावे?

वाशीतील आमच्या एका शेजारणीच्या मुलाचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाल्यापासून त्या या दोहोंत अडकल्या आहेत. दोन्हींतील विरघळणारे फायबर आतड्यात पित्ताम्लांना (चरबी पचवायला यकृत तयार करते त्या आम्लांना) धरून शौचावाटे बाहेर नेते आणि नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. तेव्हा गुण सारखाच. 40 ग्रॅम ओट्समधून सुमारे 4 ग्रॅम फायबर मिळते, शिवाय पोट भरते. गाजर-मटार घातलेला ओट्सचा उपमा डब्यातही चालतो, मात्र मसाल्याची तयार पाकिटे मिठामुळे नकोत. इसबगोल शिजवावे लागत नाही, पण पेल्यात ढवळताच ते बुळबुळीत होते आणि पाणी कमी पडल्यास घशात अडकू शकते. रोजच्या न्याहारीला ओट्सच बरे. आहार सुधारूनही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेले इसबगोल.