पायी फिरता येईल अशी मिश्र वसाहत: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोजची दुकानं पायी अंतरावर आणि लहान-मोठी घरं एकत्र, अशा वसाहतीत ज्यांना घर घ्यायचंय किंवा तिचा आराखडा करायचाय, त्यांच्यासाठी हा आढावा. रस्त्यांचं जाळं आणि घरांचे वेगवेगळे आकार वापरात उत्तम उतरतात. घोडं अडतं ते कोपऱ्यांवर, पार्किंगवर आणि देखभाल खर्चाच्या वाटणीवर.

माहितीपत्रकात 'सगळं ५ मिनिटांवर' असं सांगत ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलेलं असतं. त्यात ५० हेक्टर येतात. पण काटकोनी रस्त्यांवरून ४०० मीटर चालून प्रत्यक्षात ३२ हेक्टरच गाठता येतात. बंद गल्ल्या आणि एकाच फाटकाची संकुलं असतील तर आणखी कमी. म्हणून वर्तुळ सोडा, दोन चौकांमधलं अंतर मोजा. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार रस्त्यांमधला घरांचा एकेक गट जेमतेम ६० मीटरचा आहे, बार्सिलोनासाठी अभियंता सेर्दाने केलेल्या आराखड्यात (१८५९) तो ११३ मीटरचा. शंभराच्या आसपास असलं की वळसा जाणवत नाही. २०० मीटर असेल तर मधून पायवाट हवीच, आणि तिच्याकडे खिडक्या उघडायला हव्यात. नुसती दोन भिंतींमधली बोळ अंधार पडला की कुणी वापरत नाही.

रोजच्या जिनसांचं छोटं दुकान तगायला पायी अंतरात साधारण १,००० घरं लागतात, हा ढोबळ ठोकताळा. ३२ हेक्टरांवर पसरली तर रस्ते-बागा धरून हेक्टरी ३१ घरं. मोठ्या प्लॉटवरच्या बंगल्यांनी हे साधत नाही, पण त्यासाठी मनोरेही लागत नाहीत. जोडघरं, ओळीतली घरं, चार बिऱ्हाडांची इमारत, मधल्या मोकळ्या जागेभोवतीची तीन मजली घरं, मागच्या अंगणातलं एका खोलीचं घर एवढ्यात भागतं. लहान घर असतं म्हणूनच कमी पैशांत घर मिळतं, हेही विसरू नये.

आता फुटपाथ. मोकळी रुंदी २ मीटर हवी आणि खांब, झाडं, विजेच्या पेट्या यांच्यासाठी रस्त्याच्या बाजूला दीड मीटरचा वेगळा पट्टा. हा पट्टा वाचवला की सगळं बिघडतं. प्रत्येक फाटकापाशी गाडीसाठी फुटपाथ खाली उतरवावा लागतो आणि चालणाऱ्याची चढउतार सुरू होते. पट्टा असेल तर गाडीचा उतार त्यातच बसतो, फुटपाथ सपाट राहतो. चौकात १५ सेंटीमीटर उंचीच्या कडेला चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उतार (१२ लांबीला १ चढ) द्यायचा तर १.८ मीटर लांबी लागते; नकाशावर ती क्वचितच दाखवलेली असते. उताराच्या पायथ्याशी पाणी तुंबतं, कारण तीच सर्वांत खोल जागा. पाणी आत घेणारी जाळी त्याच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला बसवावी.

चौकातल्या कोपऱ्याची गोलाई (त्रिज्या) ९ मीटर ठेवली तर गाडी फारशी मंदावत नाही. ३ ते ४ मीटर ठेवली की ती रांगते, आणि ओलांडायचं अंतरही घटतं. 'आगीचा बंब वळणार नाही' हा आक्षेप हमखास येतो. कडेला गाड्या उभ्या करायची जागा असेल, तर चाकांना मिळणारी गोलाई दगडी कडेच्या गोलाईपेक्षा बरीच मोठी असते. हिशेब तिचा करायचा, अट एवढीच की चौकाजवळचे काही मीटर रिकामे राहिले पाहिजेत. वेगाचा फरक किरकोळ नाही: कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० च्या वेगातली जवळपास २८ मीटरमध्ये.

एक गाडी उभी करायला १२-१३ चौरस मीटर पुरतात, पण आतबाहेर करायची वाट धरली की २५ ते ३०, म्हणजे एका लहान घराएवढी जागा. ती घराच्या किमतीतून वेगळी काढली की घर स्वस्त होतं. मात्र ज्यांनी जागा घेतलेली नसते, त्यांच्या गाड्या फुटपाथवर चढतात. १.२ मीटर मोकळी जागा सोडून खांब रोवले तर खुर्ची जाते, मोटार जात नाही. दुचाकी अर्थातच जाते. तिच्यासाठी वेगळा तळ आधीच आखावा.

सर्वांत जास्त कुरबुर मात्र इमारतीच्या आत होते. स्वस्त घरं कडेच्या वेगळ्या इमारतीत ढकलली की तिथली लिफ्ट आधी बंद पडते, कारण दुरुस्तीचा निधीच तोकडा असतो. ३०, ५० आणि ८० चौरस मीटरची घरं एकाच जिन्यावर, एकाच प्रवेशद्वारात हवीत. देखभालीची वर्गणी घरटी समान ठेवली तर लहान घरावर बोजा पडतो, सगळी क्षेत्रफळावर ठेवली तर मोठ्या घरवाल्यांची तक्रार. लिफ्ट, रंगकाम, छत क्षेत्रफळावर आणि सफाई, पाण्याचा पंप घरटी, ही वाटणी त्यातल्या त्यात टिकते. ती पहिल्याच करारात लिहून घ्या. नंतर बहुमत जुळत नाही.

पुनर्विक्रीचीही तीच गत. फक्त पहिल्या विक्रीला सवलत असेल, तर फायदा पहिल्या खरेदीदारापुरता. जमीन न्यासाकडे ठेवून फक्त घर विकणं आणि पुढच्या किमतीचं सूत्र करारात बांधणं हा मार्ग बर्लिंग्टन (व्हरमाँट, अमेरिका) इथे १९८४ पासून चालू आहे. असा करार पुढे आला तर सूत्रात मालकाने स्वतः केलेल्या सुधारणांची किंमत धरली आहे का, ते आधी वाचा. ती नसेल तर स्वयंपाकघरसुद्धा कुणी दुरुस्त करत नाही.