एकवीस सह्या

ड्रायव्हिंग स्कूलच्या रजिस्टरवर पुढच्या तारखांच्या सह्या मागितल्या तर करू नका. बाकीचं सगळं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा. मी त्या केल्या. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण मी तक्रार घेऊन गेले तेव्हा माझ्याच सह्या माझ्याविरुद्ध उभ्या राहिल्या, त्याचा त्रास जास्त आहे.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते. वय त्रेचाळीस. नवऱ्याची चाकणला रात्रपाळी असते. २०२४च्या मे महिन्यात एका रात्री सासऱ्यांना, म्हणजे दादांना, दम लागला. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी, किल्ली माझ्या हातात आणि चालवता येत नाही. रिक्षा मिळायला चाळीस मिनिटं लागली. दादा वाचले, पण ती चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी क्लास शोधायला लागले.

घराजवळच्या एका शाळेच्या बोर्डावर लिहिलं होतं, ‘फक्त ४,९९९ मध्ये कार शिका, लायसन्ससह’. बाकी ठिकाणी नऊ-दहा हजार सांगत होते, म्हणून मला ही माणसं प्रामाणिक वाटली. पैसे भरले. मग एकेक बाहेर यायला लागलं. ‘लायसन्ससह’ म्हणजे फॉर्म भरून देणं. लर्निंग लायसन्सच्या ‘कामाचे’ १,५०० वेगळे. चौथ्या दिवशी पेट्रोलचे १,२०० मागितले, कारण ‘पेट्रोल शंभराच्या वर गेलंय मॅडम, जुन्या रेटमध्ये परवडत नाही’. पुण्यात पेट्रोल शंभरी पार करून तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मी पैसे भरून चार दिवस. मग जीएसटीचे ९००. बिल मागितलं तर ‘सिस्टिम बंद आहे’. जीएसटी घेतला तर बिल द्यावंच लागतं आणि त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ते बिल मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

सगळ्यात मोठी रक्कम त्यांनी एका अफवेवर काढली. १ जून २०२४पासून लायसन्सचे नियम बदलणार, आरटीओत टेस्ट द्यावी लागणार नाही, खासगी शाळाच टेस्ट घेणार, असं तेव्हा सगळीकडे फिरत होतं. मालकाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवला, ‘ताई, नवीन नियम आलाय, टेस्ट आपल्याकडेच, पॅकेज ४,५००.’ मी भरले. खरं असं आहे की केंद्रीय परिवहन मंत्रालयाने त्याच दिवशी, १ जूनलाच, काहीही बदललेलं नाही असा खुलासा केला होता. टेस्टमधून सूट मिळते ती सरकारमान्य ‘अ‍ॅक्रेडिटेड ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर’मधून पूर्ण कोर्स केल्यावर. हा नियम २०२१चा आहे आणि त्यात कारसाठी चार आठवड्यांत २९ तासांचं शिक्षण आहे. गल्लीतली साधी शाळा जे प्रमाणपत्र देते, तो फॉर्म ५. त्याने टेस्ट चुकत नाही.

लर्निंगची परीक्षा आधार वापरून घरबसल्या ऑनलाइन देता येते. मालक म्हणाला, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, फक्त ओटीपी सांगा.’ मी सांगितला. परीक्षा कुणी दिली मला माहीत नाही, मी दिली नाही. हे लिहायला लाज वाटते, कारण रस्त्यावरची चिन्हं न शिकता मी गाडीत बसले. आणि अर्जात मोबाइल नंबरही त्यांनी स्वतःचा घातला होता. अपॉइंटमेंटचे सगळे मेसेज त्यांना जायचे. माझंच लायसन्स, पण तारीख कळायला मला त्यांच्या दारात जावं लागायचं.

आता क्लास. एकवीस दिवस, रोज अर्धा तास, असं ठरलं होतं. गाडीत आम्ही तिघं शिकणारे असायचो. मला घेतल्यावर पुढच्या मुलाला आणायला मीच गाडी चालवायची आणि तोच माझा क्लास. स्पाइन रोडला लागलं की सर म्हणायचे, ‘छान चालवताय मॅडम, स्टिअरिंगवर हात बसलाय.’ मला खरंच वाटायचं की येतंय. गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

नवव्या दिवशी पाऊस होता. सँडल ओली होऊन पाय घसरत होता, म्हणून ती काढून मी अनवाणी बसले. सिग्नल आला. मी पाय क्लचवर नुसता टेकवला होता, दाबला नव्हता. आणि क्लच माझ्या तळव्याखालून आपला आपण खाली गेला. मी शेजारी पाहिलं. सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या पॅडलवर होता. शिकवायच्या गाडीला दुहेरी पॅडल असावेच लागतात, ते सुरक्षिततेसाठी. पण नऊ दिवस क्लच तेच दाबत होते, ब्रेक तेच मारत होते, मी फक्त चाक फिरवत होते. शिकणाऱ्याने क्लच धरला की गाडी दहा वेळा बंद पडते, वेळ जातो, पेट्रोल जातं, पुढचा मुलगा खोळंबतो. म्हणून शिकवायचंच नाही. त्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात नवऱ्याला शेजारी बसवून आमची गाडी हलवायचा प्रयत्न केला. एक फूटही पुढे गेली नाही.

मी विचारलं तर ‘शेवटच्या आठवड्यात क्लच देतो’ म्हणाले. शेवटचा आठवडा आलाच नाही. कधी गाडी सर्व्हिसिंगला, कधी सर गावाला. एकवीसपैकी चौदा दिवस मिळाले. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी रोज स्टिअरिंगवर बसल्याची आणि उतरल्याची वेळ लिहीत होते. सगळी बेरीज ३ तास ४४ मिनिटं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी कारसाठी शाळेने किमान २१ दिवसांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष १० तास ड्रायव्हिंग द्यायचं असतं. हा आकडा मला आधी माहीत असता तर बोर्डावरचा ४,९९९ वाचून मी भुलले नसते.

टेस्ट अर्थातच द्यावी लागली, नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर. तिथे सेन्सर आणि कॅमेरे असतात आणि शेजारी पॅडल दाबायला कुणी नसतं. चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. मी हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे आली. नापास. सात दिवसांनी पुन्हा देता येते. शाळेने त्यासाठी २,००० घेतले आणि तारीख काही दिली नाही. असे एकूण १५,०९९. आता नियमातली फी पाहा. कारच्या लर्निंगचे १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, ड्रायव्हिंग टेस्टचे ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. म्हणजे ७००, वर सेवाशुल्क आणि टपालाचे थोडे. फेरटेस्टला पुन्हा ३००.

मग मी तक्रार करायचं ठरवलं. ड्रायव्हिंग स्कूलला परवाना आरटीओ देतं, म्हणून तिथे लेखी अर्ज केला. शाळेने उत्तरादाखल आपलं रजिस्टर पुढे केलं. शिकणाऱ्याने कोणत्या तारखेला किती ते किती गाडी चालवली याची नोंद ज्यात ठेवतात तो फॉर्म १५. त्यात माझ्या नावापुढे एकवीस तारखा, रोज अर्धा तास, आणि प्रत्येक ओळीत माझी सही. पहिल्या दिवशी टेबलावर एक छापील तक्ता ठेवून ‘इथे, इथे, खालीपर्यंत करत जा, आरटीओचं फॉर्मॅलिटीचं आहे’ असं सांगितलं होतं. तेव्हा वेळेचे रकाने कोरे होते. मी न वाचता करत गेले. नीट पाहिलं तर खालच्या सह्यांमधलं माझं आडनाव कंटाळून नुसती रेघ झालंय, हे एका बैठकीत केलंय ते कळतं. पण सही माझीच आहे, ती मी कशी नाकारू?

हाती लागलं ते एवढंच. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तो व्हॉइस मेसेज जपून ठेवलाय हे मालकाला कळवलं. आठ दिवसांत पॅकेजचे ४,५०० परत आले, एक शब्द न बोलता. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

नंतर मी दुसऱ्या शाळेत गेले. ९,५०० रुपये, सरकारी फी वेगळी आणि तीही मी माझ्या फोनवरून पोर्टलवर भरायची. महाग वाटलं, पण पेट्रोल, विमा, शिकवणाऱ्याचा पगार हे सगळं वाढलंय, कुणी मनापासून शिकवणार असेल तर तेवढे लागणारच. भिंतीवर परवाना आणि शिकवणाऱ्यांची नावं लावलेली होती, जशी लावायची असतात. शिकवायला एक ताई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सीट मागे घेतली, पाय आखडून घेतले आणि म्हणाल्या, ‘माझे पाय बघून घ्या, आता गाडी तुमची.’ गाडी अकरा वेळा बंद पडली. तो सगळा क्लास आम्ही एका रिकाम्या प्लॉटवर हाफ क्लच धरून, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, नुसती गाडी सरकवत काढला. रजिस्टरवर सही रोज, उतरल्यावर, वेळ लिहून झाल्यानंतर. ऑक्टोबरमध्ये मी त्याच चढावरून गाडी मागे न आणता निघाले.

परवा कळलं की आमच्याच इमारतीतल्या बारावी झालेल्या मुलीने त्या पहिल्या शाळेत पैसे भरलेत. रात्री साडेनऊला तिच्या घरी गेले. तिची आई चहा टाकत होती, मी थांबले नाही, आधी तिलाच विचारलं, सह्या किती केल्यास? ‘सगळ्याच घेतल्या काकू, पहिल्याच दिवशी,’ ती म्हणाली. तिचे आतापर्यंत तीनच क्लास झालेत. तारखा आणि मिनिटं एका कागदावर तिच्याकडून लिहून घेतली आहेत. उद्या सकाळी दहाला तिच्याबरोबर मी जाणार आहे, रजिस्टरचा फोटो काढायला.